देव्हाऱ्यातली हत्ताजोडी

आमच्या देव्हाऱ्यात एका दिवाळीनंतर चांदीची एक डबी आली, आणि पुढचे दोन महिने तिला दाखवलेला नैवेद्य मी रोज खाल्ला. ते आठवलं की आजही तोंडाला पाणी सुटतं. ओकारी येण्याआधी सुटतं तसलं.

मी दौंड तालुक्यात, राहू गावाजवळ रानातल्या एका वस्तीवर राहते. माहेर नदीपलीकडचं, शिरूर तालुक्यातलं, वढू बुद्रुकच्या बाजूचं. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. नवरा रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातो. घरात सासरे आहेत, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं आणि मीही तेच म्हणते. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आणि एक धाकटा दीर. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, लग्न जमत नव्हतं. ऊस होता, बंगला होता, दारात गाडी होती, पण मुलीकडचे लोक चहा पिऊन निघून जायचे आणि नंतर फोन उचलायचे नाहीत. मुलींना पुण्यातला नोकरीवाला हवा असायचा. त्याच वर्षी गावच्या सोसायटीची निवडणूक होती आणि तो संचालकपदाला उभा राहणार होता.

आमच्या भागाचं कौतुक ऐकायला मिळतं. बागायत, गुऱ्हाळं, गुळाचा वास. तो वास बाहेरून येणाऱ्याला गोड लागतो. मला त्या वासाच्या खाली दुसरा एक वास येतो. चुलाणात उसाचं चिपाड कमी पडलं की कुणीकुणी जुन्या चपलांची पोती टाकतात, आणि मग काळा धूर उसावरून आमच्या ओट्यापर्यंत येतो. नदीचं तर विचारूच नका. पुण्याचं सगळं धुऊन आलेलं पाणी आमच्याकडे पोचतं, उन्हाळ्यात त्याच्यावर फेस आणि जलपर्णी. त्या पाण्यावर आमची शेतं हिरवीगार असतात आणि त्या हिरवेपणाचे फोटो लोक स्टेटसला ठेवतात. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या आठवड्यात आत्यांना विचारलं होतं, की हा वास कसला? त्या म्हणाल्या, "कसला वास?" मला वाटलं त्या चेष्टा करतायत. त्यांना खरंच येत नव्हता.

आप्पा म्हणजे आमच्या वस्तीचं इतिहासाचं पुस्तक. शाळा चौथीपर्यंत झालेली, पण कुठली लढाई कुठल्या खिंडीत झाली, कोण फितूर झाला, कुठल्या गडाला किती दरवाजे, सगळं तोंडपाठ. संध्याकाळी गोठ्यासमोर बाजेवर बसायचे आणि समोर कुणी असो नसो, सुरू व्हायचे. त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट घोरपडीची होती. कड्यावर घोरपड सोडली, तिच्या कमरेला दोर, दोराला धरून मावळे वर गेले, ती. ही गोष्ट सांगताना ते उठून उभे राहायचे आणि दोन्ही हातांची बोटं आकडे करून हवेत रोवायचे.

मी नवी नवी होते, बीएड होऊन आलेली. मला राहवायचं नाही. एकदा मी म्हणाले, "आप्पा, घोरपड तीन-चार किलोची असती. माणूस साठ किलोचा. ती कशी पेलंल?"

"तू वजन केलंस व्हय तिचं?"

"केलं नाही, पण पुस्तकात—"

"पुस्तक लिव्हणारा कडा चढला हुता का?" असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं, आणि दोन दिवस मला मास्तरीणबाई म्हणून हाक मारली.

मला या इतिहासवेडाचा तेव्हा तिटकारा होता, आणि त्याला कारण माहेर होतं. वढूला लोक समाधीच्या दर्शनाला येतात. ट्रकांतून येतात, सायलेन्सर काढलेल्या गाड्यांवरून येतात. आत जाऊन डोकं टेकवतात, काहींच्या डोळ्यांत खरंच पाणी असतं, ते मी पाहिलंय. मग तेच लोक येताजाता आमच्या रानाच्या कडेला जेवायला बसायचे. ते उठून गेले की माझी आई कांद्याच्या वाफ्यांतून पत्रावळ्या, बाटल्या आणि पुड्यांचे कागद वेचत फिरायची. एकदा तिच्या हाताला लहान मुलाचं भरलेलं लंगोट लागलं. तिनं ते काठीनं उचललं आणि काही न बोलता उकिरड्यावर नेऊन टाकलं. मी दहा वर्षांची असेन. तेव्हापासून कुणी इतिहासाचा अभिमान वगैरे बोलायला लागलं की मला आधी आईचा तो हात दिसतो.

पण आप्पांच्या बाबतीत मी चुकत होते, हे सांगायला हवं. त्यांनी ती गोष्ट नुसती सांगितली नव्हती, ते तिला जागत होते. आमच्या रानात जुन्या मोटेच्या विहिरीची धाव आहे, म्हणजे मोट ओढताना बैल चालायचे तो उतार, दगडाची, निम्मी ढासळलेली. तिच्या कपारीत एक घोरपड राहायची. चांगली हातभर धड आणि तेवढीच शेपूट. उन्हाला येऊन दगडावर पडायची, जीभ आतबाहेर करायची. आत्यांच्या कोंबड्यांची अंडी पळवायची आणि आत्या तिला जे बोलायच्या ते मी इथं लिहिणार नाही. आप्पा मात्र तिच्यासाठी विहिरीवर अधूनमधून एक अंडं ठेवून यायचे. गुडघ्याला लावायला घोरपडीचं तेल पाहिजे म्हणून कुणी ना कुणी यायचा. एकदा तर तालुक्याच्या गावाहून एक मोठा माणूस गाडी घेऊन आला होता. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "तिनं राज्याला दोर लावलाय. तुमच्या गुडघ्यासाठी मी तिला कापू? उठा."

वन खात्याचा कायदा आमच्या वस्तीवर कुणाला ठाऊक नव्हता. त्या जनावराला एवढी वर्षं जगवलं ते आप्पांच्या गोष्टीनं. मी ज्या गोष्टीला हसत होते, तिनं.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला आप्पा सकाळी रानातून आले ते पायरीवरच बसले. हाताला माती होती.

"घोरपड मेली," ते म्हणाले. "उसाच्या चारीत पडली हुती. कुत्र्यांनी फाडलीया मागनं. शेपटीच्या बुडाला कायसुदिक ठिवलं न्हाई."

मी विचारलं, "काय केलं तिचं?"

"पुरली. धावंच्या खालीच." आणि मग हाताची माती झटकत, "तिला कुत्री गावती न्हाईत गं. म्हातारी झाली असंल."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. आत्या म्हणाल्या, बरं झालं, अंडी तरी राहतील. दीर पाण्याची मोटार बघायला गेला होता, तो आला, हात धुतले, जेवला.

दिवाळी झाली. भाऊबीज करून मी माहेराहून परत आले, तर देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी ती डबी. सुपारी ठेवायची असते तेवढी, झाकणाची. आत्यांनी मोठ्या कौतुकानं मला उघडून दाखवली. आत शेंदूर भरलेला, आणि शेंदरात तेलकट, तपकिरी असं काहीतरी. दोन बारीक वाळके हात एकमेकांना जोडून नमस्कार करताहेत असं. टोकाला बोटांसारख्या चिरा सुद्धा.

"हत्ताजोडी हाय," आत्या कुजबुजल्या. "जंगलातली मुळी. लाखात एखादी सापडती. धाकटा जातोय ना, त्या महाराजांनी सिद्ध करून दिली. आता बघ, निवडणूक बी हुती आन् सूनबी येती."

दीर मागं उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, रोज फक्त शेंदूर आन् तेल. आन् कुणाला दाखवायची न्हाई. दाखवली की पॉवर जाती."

मी हात जोडले. विज्ञानाची शिक्षिका असून जोडले, कारण घरात नवी वस्तू देव्हाऱ्यात आली की सगळे जोडतात तसे मीही जोडले. वाद नको होता. डबीला एक वास होता, खवट तेलाचा, आणि त्याच्या आत आणखी कसला तरी. मी स्वतःशीच म्हटलं, मुळीला असतो एखादीच्या वास. आत्या रोज सकाळी त्या वस्तूला बोटानं तेल चोळायच्या, तेच बोट कपाळाला लावायच्या, मग त्याच हातानं चतकोर भाकरीवर गूळ ठेवून नैवेद्य दाखवायच्या आणि तो आम्हाला वाटायच्या. मला शाळेची घाई असायची. मी उभ्या उभ्या तोंडात टाकायचे आणि स्कूटीला किक मारायचे.

जानेवारीत शाळेत वन्यजीवांवर माहिती द्यायला वन खात्याची एक तरुण मुलगी आली. आमच्याकडे उसात बिबटे फार, म्हणून मुलांना सावध करायला ती यायची. तिनं बिबट्याचं सांगितलं, सापांचं सांगितलं, आणि मग पडद्यावर एक फोटो लावला.

शेंदरातले दोन वाळके हात.

"याला हत्ताजोडी म्हणून विकतात," ती म्हणाली. "मुळी म्हणून. अशी कुठलीही मुळी नसते. हे नर घोरपडीचं जननेंद्रिय आहे. साप-सरड्यांत ते जोडीनं असतं. जनावर बऱ्याचदा जिवंत असतानाच कापतात आणि वाळवतात. जवळ बाळगलं तरी गुन्हा आहे, घरात असेल तर आणून द्या."

मुलं खिदळली. मी मागच्या बाकाजवळ उभी होते. मला मुलांवर ओरडायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर दुसरंच काही बाहेर आलं असतं. मी शिक्षकांच्या संडासापर्यंत पोचले आणि सकाळची भाकरी, गूळ, सगळं ओकून टाकलं. मग नळाखाली तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, मुलांचा हात धुवायचा साबण जिभेवर चोळला. दोन महिने. रोज. कपाळाला, डोळ्यांना, तोंडाला.

आणि तिथं वाकलेली असतानाच मला विहिरीवरची घोरपड आठवली. शेपटीच्या बुडाला कायसुदिक ठिवलं न्हाई.

घरी जाताना मी स्वतःला समजावत होते, की पुरावा काय? अशा डब्या कुठंही मिळतात. नवरा सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होता. मी त्याला खोलीत नेऊन सगळं सांगितलं. तो बूट घालता घालता थांबला. मग तो म्हणाला, "आत्ता काही बोलू नको."

"काही बोलू नको म्हणजे?"

"पंधरा दिवसांवर मतदान हाय. नंतर बघू. तू नैवेद्य खाऊ नको म्हंजी झालं."

"आणि आत्यांनी खायचा? आप्पांनी?"

त्यानं बुटाची नाडी बांधली. "त्यांला माहीत न्हाई ना, मग काय हुतंय," तो म्हणाला आणि कंपनीच्या बसला गेला.

मला माझ्या नवऱ्याची त्या दिवशी जेवढी शिसारी आली तेवढी त्या डबीचीही आली नव्हती. आणि तरी मी पाच दिवस गप्प बसले. हेही लिहायलाच हवं. पाच दिवस मी नैवेद्य हातात घेतला, न्हाणीच्या मागं नेऊन टाकला, आणि समोर आत्या तो खाताना बघत राहिले. मी दहावीला प्रजननाचा धडा शिकवते. बाकीचे शिक्षक तो घरी वाचा म्हणतात, मी फळ्यावर आकृती काढून शिकवते आणि त्याचा मला अभिमान होता. पण पदर घेऊन सासऱ्यांपुढं तो एक शब्द उच्चारायचा म्हटलं की मी उद्यावर ढकलत होते.

सहाव्या दिवशी रविवार होता. आप्पांना ताप होता. आत्यांनी डबी उघडली, त्या वस्तूवरचं तेल बोटावर घेतलं आणि ते आप्पांच्या कपाळाला, मग ओठांना लावायला गेल्या.

"आत्या, थांबा," मी ओरडले. "ती मुळी नाही. नर घोरपडीचं लिंग आहे ते. कापून वाळवलेलं."

आत्यांचं बोट तसंच हवेत.

दीर बाहेर कार्यकर्त्यांना चहा देत होता, तो धावत आत आला. "काय बोलताय वहिनी? लाज हाय का? देवासमोर?"

"वन खात्याच्या मुलीनं शाळेत फोटो दाखवला. हीच वस्तू."

"फोटो काय, मोबाईलवर कशाचाबी करत्यात."

आप्पा उशीवर उठून बसले. तापानं डोळे लाल होते. त्यांनी दिराकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीणबाई," ते म्हणाले, आणि या वेळी त्यात चेष्टा नव्हती. "तुमच्या शास्त्रात कळायला काय मार्ग असंल का? मुळी का मास?"

"आहे आप्पा. जाळून बघायचं. लाकूड लाकडासारखं जळतं. कातडं-मांस असलं तर केस जळल्यासारखा वास येतो."

"जाळ मग."

"आप्पा, पॉवर जाईल तिची, लाखात—" दीर मध्ये आला.

"जाळ," आप्पा म्हणाले.

मी गॅस पेटवला. सांडशीनं ती वस्तू उचलली, पाण्यानं शेंदूर धुतला. शेंदूर गेल्यावर तिचा खरा रंग दिसला, जुन्या कातडी पट्ट्याचा असतो तसा. सुरीनं कडेचं नखाएवढं काढून घेतलं. ते तुटताना लाकडासारखं मोडलं नाही, चिवट होतं, ओढावं लागलं. चिमट्यात धरून आचेवर नेलं. ते आधी आक्रसलं, मग फुगलं, मग त्यातून चरबीचा एक थेंब आला आणि तडतडला.

वास स्वयंपाकघरभर पसरला. केस जळल्याचा, खुरं भाजल्याचा. आत्यांनी तोंडाला पदर लावला आणि त्या मोरीकडे पळाल्या. बराच वेळ त्या तिथं वाकून होत्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना वासानं हैराण झालेलं पहिल्यांदाच पाहिलं.

आप्पांनी दिराला विचारलं, "कुठनं आणली?"

"महाराजांनी दिली."

"महाराजाला कुणी दिली?"

दिरानं दाराकडं पाहिलं. बाहेर कार्यकर्ते हसत होते, त्यांना आतलं काही माहीत नव्हतं.

"मी इचारतोय."

"ते म्हणले, आपल्या स्वतःच्या रानातली असली की लवकर फळती," दीर म्हणाला. मग आवाज चढवून, "मग काय करू? बत्तीस वर्षांचा झालोय. सगळी हसत्यात. एका जनावरानं काम हुत असंल तर काय बिघडलं? रोज कोंबडी कापताय ना?"

"जित्ती हुती का?"

"आप्पा—"

"कापली तवा जित्ती हुती का?"

दीर फरशीकडे बघत राहिला. मला त्याच्याबद्दल एक क्षण कणव वाटली, खरं सांगते. मग तो म्हणाला, "असू द्या की आता. मतदान हुईस्तवर ठेवू. फॉर्म भरलाय, प्रचार झालाय. कुठलं का असंना, काम झाल्याशी मतलब." आणि माझ्या हातातल्या सांडशीकडे हात केला. त्याला ती वस्तू परत डबीत ठेवायची होती. ती काय आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपली आई ती कपाळाला लावते, ते तो रोज बघत होता.

आप्पा उठले. त्यांनी टोपी घातली, अंगावर शाल घेतली, माझ्या हातातून ती वस्तू डबीत घेतली, डबी धोतराच्या सोग्यात बांधली. "गाडी काढ," मला म्हणाले.

"ताप आहे आप्पा. उद्या जाऊ."

"आज रविवार. हापीस बंद असंल, पण त्या पोरीचा फोन असंल तुझ्याकडं. लाव."

तिचा नंबर शाळेत घेतला होता. तिनं सांगितलं, मी कामावरच आहे, या. उसाच्या मधल्या रस्त्यानं मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून नेलं. ताप त्यांच्या शालीतून माझ्या पाठीला लागत होता. वाटेत ते एकदाच बोलले. "मी म्हणत हुतो कुत्र्यांनी फाडली. कुत्री अशी फाडत्यात का? एवढं रान बघितलं आन् कळलं न्हाई मला."

त्या मुलीनं डबी उघडून पाहिली आणि खुर्ची पुढं केली. ती चांगली होती. तिनं आधी आप्पांना पाणी दिलं. मग कागद घेतला. "आजोबा, तुम्ही स्वतः आणून देताय हे मी लिहिते. पण कुठून आली ते विचारावं लागेल. तुम्हाला सापडली असं म्हणायचंय का?"

तिनं सुटकेचं दार उघडं ठेवलं होतं. मला ते कळलं, आप्पांनाही कळलं असणार. मी मनातल्या मनात म्हणत होते, व्हय म्हणा आप्पा, व्हय म्हणा आणि घरी जाऊ.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "माझ्या धाकट्या पोरानं कापली. आमच्याच रानात. जनावर पुरलंय, तेबी दाखवतो." आणि त्यांनी मुलाचं नाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव नीट सांगितलं. ती लिहीत होती आणि ते बघत होते बरोबर लिहितेय का. शेवटी सही केली, चौथी शिकलेल्या माणसाची, एकेक अक्षर वेगळं.

दुसऱ्या दिवशी वन खात्याचे लोक आले. धावेखाली खणलं. दिराला आणि कापताना सोबत असलेल्या त्याच्या दोघा मित्रांना घेऊन गेले. महाराज म्हणवणारा माणूस खोलीला कुलूप लावून गेला होता. काही दिवसांनी दीर जामिनावर सुटला, गळ्यात हार घालून आला. हार त्याच्या पॅनेलनं घातला होता. विरोधकांनी कसं अडकवलं यावर चौकात भाषण झालं. घोरपडीचं नाव त्या भाषणात कुणी घेतलं नाही.

तो निवडून आला. गुलाल उधळत मिरवणूक आमच्या दारापर्यंत आली. आप्पा आतल्या खोलीत पाठ करून पडले होते. आत्या बाहेर ओवाळायला गेल्या, आणि त्या दिवसापासून त्या आप्पांशी बोलत नाहीत. जेवायला ताट सरकवतात, पण बोलत नाहीत. पोटच्या पोराचं नाव सरकारला दिलं हे त्या विसरायला तयार नाहीत. मोरीत वाकलेल्या आत्या मी पाहिल्या होत्या, त्यामुळं मला वाटलं होतं की त्या तरी आमच्या बाजूला असतील. मी एकदा तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वास चार दिवसांत जातो. नाव जात न्हाई."

मे महिन्यात दिराला स्थळ आलं. चांगलं, बागायतदार, शिरूरकडचं. मुलीचे वडील घर बघायला आले. बैठक झाली, पोहे झाले, आणि मग ते गृहस्थ दिराला बाजूला घेऊन म्हणाले, "ते ऐकलं आम्ही. केस-बिस चालूच असती. पण काम झालं ना तुमचं? तसली एखादी बघा की आमच्या थोरल्यासाठी. तोबी उभा राहतोय औंदा." मी चहाचे कप उचलत होते, माझ्यासमोरच बोलले. दीर हसला. नाही म्हणाला नाही.

त्यानंतर आणखी लोक आले. कुणी गाडी लांब लावून, कुणी सरळ ओट्यावर बसून. शेजारच्या वस्तीवरची एक बाई तिच्या मूल न होणाऱ्या सुनेसाठी विचारायला आली, आणि तिला मी सगळं खरं सांगितलं, ती वस्तू काय असते, कशी काढतात. ती शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "व्हय, पण मिळंल कुठं?"

आम्ही आता त्याच बंगल्यात वेगळं शिजवतो. आप्पा माझ्याकडं जेवतात. संध्याकाळी बाजेवर बसतात, पण लढाया सांगत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, विसरलो. दिराचं लग्न ठरलंय. नवरा म्हणतो, झालं ते झालं, लग्नाला उभं राहावं लागंल. उभी राहीन. मी त्या हळदीला, त्या मांडवात असेन आणि माझ्या हातानं लोकांना वाढीन, हे मला माहीत आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी एकटीच डबा खात होते. इतिहास शिकवणारे सर आत आले. शिकलेला माणूस, गडकोटांवर व्याख्यानं देतो. इकडंतिकडं बघून ते माझ्यासमोर बसले. बदलीचा अर्ज अडकलाय म्हणाले, मग बराच वेळ टेबलावरचा खडू फिरवत बसले.

"मॅडम, ते तुमच्या घरी होतं ते... पूर्ण जमा केलं का हो? का एखादा तुकडा राहिलाय?"

मी घास थुंकला, डब्याचं झाकण लावलं आणि नववीच्या तासाला गेले.